मुकादम कोणाचा?



संगणकावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील, तर प्रश्न रास्त आहे. आमचे शिक्षण सातवीत थांबले; पुढली शाळा द्वारसभा आणि वाचनालये. परंतु हत्यार आणि ते चालविणारा हात यांच्या नात्याविषयी आम्ही आयुष्यभर भांडत आलो. आजचा विषय त्या नात्याचाच आहे.

करावे गावातल्या आमच्या संघटनेच्या कचेरीत एक जुना संगणक आहे. कामगारांच्या हजेऱ्या, ग्रॅच्युइटीचे अर्ज, दाव्यांचे कागद, सारे त्याच्या पोटात. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची नेहमीची देखभाल संपली. घरगुती यंत्रांना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची मुदतवाढ मिळाली. पण मुदतवाढ म्हणजे कायम नोकरी नव्हे, हे कामगाराला कोणी शिकवावे लागत नाही. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आमच्या यंत्रात ते नाही. दुकानदार म्हणाला, भंगारात द्या. यंत्र तर धडधाकट! कामात खोट नसताना केवळ वयाच्या दाखल्यावर माणसाला घरी बसवावे, तसाच हा प्रकार.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकातला मुकादम. कोणत्या भागाने केव्हा काय करायचे, हे तो ठरवितो. यंत्र आपले असले, तरी मुकादम परक्याचा असेल, तर शेवटी हुकूम परक्याचाच चालतो. पण मुकादम बदलता येतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे.

1991 साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. त्याआधी 1983 मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला होता. त्या चळवळीच्या परवान्याचे सार चार हक्कांत सांगता येते : वापरा, उघडून पाहा, दुरुस्त करा, दुसऱ्याला द्या. फुकटेपणाशी याची गल्लत करू नका. हा ताब्याचा प्रश्न आहे. फुकटाचे टिकत नाही, म्हणणाऱ्यांनी खिशातला अँड्रॉइड फोन पाहावा. त्याचा गाभा लिनक्सच आहे.

त्याच 14 ऑक्टोबर 2025 रोजी झोरिन ओएस 18 बाहेर पडली. आयर्लंडमधील आर्त्योम आणि किरिल झोरिन या बंधूंनी 2008 साली आरंभलेले हे काम. उबुंटूच्या पायावर उभी असलेली ही प्रणाली नवख्यांसाठी आहे. मांडणी विंडोजसारखी ठेवता येते. मूळ आवृत्तीस दाम नाही. जादा सोयींची वेगळी आवृत्ती विकत मिळते. आम्ही ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहिली. जुन्या यंत्रातले काही पुसावे लागले नाही. कागद, जाळे, छपाई पारखली, सगळ्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवली, मगच कायमची बसविली. इन्स्क्रिप्ट कळफलकावर मराठी टंकता येते. या जगात वापरला जाणारा लोहित हा देवनागरी टंक मूळचा आपल्या पुण्यातल्या कारागिरांचा, हेही ध्यानी असावे.

अडचणी लपविणे आमच्या स्वभावात नाही. युनिकोडपूर्व टंकांतील जुनी पत्रके त्या टंकावाचून वाचता येत नाहीत. टॅलीवर हिशेब असणाऱ्यांनी घाई करू नये. सवय मोडताना पहिला आठवडा चिडचिडीचा जातो.

करावेकरांना ताबा म्हणजे काय, हे आम्ही सांगावे काय? 1970 साली सिडको आली आणि शेते, मिठागरे संपादनाच्या कागदांत गेली. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या लढ्यात पाच जणांनी प्राण दिले. त्या बलिदानाशी एका यंत्राची तुलना करणे आमच्या मनातही नाही. पण कागदावर काय लिहिले आहे, हे वेळीच न वाचल्याची किंमत या गावाने मोजली आहे. संगणकाच्या परवान्यालाही तोच नियम लागू आहे.

म्हणून विनंती एवढीच. माळ्यावर जुना संगणक पडला असेल, तर तो भंगारात देण्यापूर्वी एकदा वाचनालयात आणा. गावातील शिकती मुले पेनड्राइव्ह लावून दाखवतील. चालला, तर एखाद्या पोराच्या अभ्यासाला होईल. न चालला, तर भंगारवाला कुठे पळून जात नाही.