गोल न होऊं देणारा

मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मनमाड सोडलें कीं नांदगांव लागतें. नाशिक जिल्ह्यांतील हें तालुक्याचें ठिकाण. मनमाडचें मोठें जंक्शनहि ह्याच तालुक्यांतलें. आगगाडीच्या सोबतीनें वाढलेल्या अशा मुलुखांत सांधेवाल्याचें काम काय असतें हें लहान मुलांसहि सांगावें लागत नाहीं. शंभर गाड्या आपापल्या रुळांवरून सुखरूप गेल्या तर त्याचें नांव कोणी घेत नाहीं. एक गाडी भलत्या रुळावर गेली कीं चौकशी त्याच्यापासून सुरू होते. फुटबॉलच्या मैदानावर बचावाची जागा सांभाळणाऱ्या खेळाडूचें जिणें थेट ह्या सांधेवाल्यासारखें आहे.

ह्या न्यायाचा फटका थोरांनाहि बसला आहे. शैलेन मन्ना हा मोहनबागानचा नामांकित फुलबॅक. १९५१ सालीं दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धेंत त्याच्या नेतृत्वाखालीं भारतानें सुवर्णपदक मिळविलें, आणि तेंहि तीन सामन्यांत एकहि गोल न होऊं देतां. परंतु १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें फ्रान्सविरुद्ध भारताच्या दोन पेनल्टी वायां गेल्या, त्यांतली एक मन्नाची होती, ही गोष्ट मात्र पुनःपुन्हां सांगितली जाते. अडविलेल्या चढायांचा हिशेब कोणत्याच वहींत मांडलेला नसतो.

नांदगांवच्या ह्याच लोहमार्गाच्या मुंबईकडील टोकाला ६ डिसेंबर १९९० रोजीं राहुल भेके ह्याचा जन्म झाला. मुंबई हें फुटबॉलचें जुनें शहर खरें. रोव्हर्स चषकाची स्पर्धा तेथें १८९१ पासून सुरू झाली. तरी मराठी घरांतील मुलाच्या हातीं आधीं बॅट पडते, आणि फुटबॉलवर पोट भरण्याचा विचार घरच्या वडीलधाऱ्यांस आजहि धाडसाचाच वाटतो. त्यांत गोल करणारा तरी चार जणांच्या नजरेंत भरतो. बॅकनें कोणत्या भरंवशावर वाट पाहावी? भेकेनें ती पाहिली. मुंबई एफ. सी., कलकत्त्याचा ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स, पुणें सिटी असे मुक्काम करीत तो २०१७ सालीं बेंगळुरू एफ. सी. मध्यें दाखल झाला. कधीं उजव्या बाजूस, कधीं बचावाच्या मध्यभागीं, जेथें उभें केलें तेथें तो खेळला.

बचावाचें कसब डोळ्यांत भरणारें नाहीं. चेंडूसाठीं झेप घेऊन जमिनीवर घसरणारा बॅक प्रेक्षकांस फार आवडतो. पण ती झेप बहुधा आधींची चूक झांकण्यासाठीं असते. पक्का बॅक अर्धें पाऊल मागें राहतो, प्रतिस्पर्ध्यास गोलाकडे न जाऊं देतां बाजूच्या रेषेकडे वळवितो, आणि वेळ जाऊं देतो. तेवढ्यांत त्याचे साथीदार परततात व चढाई आपोआप विझते. पाहणाऱ्यास वाटतें, कांहीं घडलेंच नाहीं. मात्र कॉर्नर मिळाला कीं हाच मनुष्य पलीकडच्या गोलापुढें जाऊन उभा राहतो, कारण हवेंतील चेंडू त्याच्या रोजच्या परिचयाचा. चेंडू दूर घालवावयाचा तर कपाळ त्याच्या खालच्या अंगावर बसवावें लागतें. गोल करावयाचा तर वरच्या. उडी तीच, वेळेचा अंदाज तोच. दोन बोटांचें काय तें अंतर.

१७ मार्च २०१८ रोजीं इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यांत चेन्नईयननें बेंगळुरूला त्याच्याच मैदानावर ३-२ असें हरविलें. त्या तीन गोलांपैकीं दोन मेल्सन आल्व्हिस ह्या चेन्नईच्या बॅकनें कॉर्नरवरून डोक्यानें केले होते. बेंगळुरूच्या बचावाला हें शल्य किती बोंचलें असेल! पुढच्याच महिन्यांत भुवनेश्वर येथें सुपर चषकाच्या अंतिम सामन्यांत ईस्ट बंगाल एका गोलानें पुढें असतां भेकेनें डोक्यानेंच बरोबरी साधली, आणि बेंगळुरूनें तो सामना ४-१ असा जिंकला. मग बरोबर एका वर्षानें, १७ मार्च २०१९ रोजीं, मुंबईंत अंधेरीच्या मैदानावर पुन्हां लीगचा अंतिम सामना आला. समोर गोव्याचा संघ. नव्वद मिनिटें गोलशून्य गेलीं. जादा वेळहि संपत आला. ११७ व्या मिनिटास डिमास डेल्गाडोनें कॉर्नरवरून चेंडू उंच सोडला आणि भेकेच्या डोक्यावरून तो जाळ्यांत गेला. ज्या शहरांत जन्म, त्याच शहरांत, १-० असा विजय. ह्या लीगमधील बेंगळुरूचें तें पहिलें अजिंक्यपद. परंतु त्यापूर्वींच्या ११६ मिनिटांत गोव्याला एकहि गोल करतां आला नाहीं, ही गोष्ट त्या एका क्षणापुढें साफ विसरली गेली.

पुढें तो मुंबई सिटीकडे गेला. ११ एप्रिल २०२२ रोजीं रियाध येथें आशियाई चँपियन्स लीगमध्यें ह्या संघानें इराकच्या वायुदलाच्या क्लबाला २-१ असें हरविलें; भारतीय क्लबाचा त्या स्पर्धेंतील हा पहिलाच विजय, आणि निर्णायक गोल भेकेच्या डोक्याचा. त्याच स्पर्धेंत अल् शबाबनें मुंबईवर एका सामन्यांत सहा गोल चढविले, हेंहि सांगितलें पाहिजे. आशियांतील बलाढ्य संघांपुढें भारतीय बचाव कोठें उभा आहे, ह्याचें खरें माप दुसऱ्या आंकड्यांत आहे.

भारतीय संघांत भेकेला स्थान मिळालें तें २०१९ च्या जून महिन्यांत, थायलंडमधील किंग्ज चषकाच्या वेळीं. तेव्हां त्याचें वय अठ्ठावीस होतें. त्या वयाला पुष्कळ खेळाडू उतरणीला लागतात. जानेवारी २०२४ मध्यें कतार येथील आशियाई चषकांत भारताच्या बचावांत तो होता, आणि भारतानें तेथें तीनहि सामने गमावले. देशासाठीं त्याचा पहिला गोल हैदराबाद येथें मलेशियाविरुद्ध १८ नोव्हेंबर २०२४ रोजीं झाला. चौतिसावें वर्ष पुरें होण्यास तेव्हां अठराच दिवस उरले होते. १९ मार्च २०२५ रोजीं शिलाँग येथें मालदीववर भारतानें ३-० असा विजय मिळविला, त्यांतील पहिला गोलहि त्याचाच. सहा दिवसांनीं त्याच मैदानावर बांगलादेशाशीं गोलशून्य बरोबरी झाली. मालदीवच्या सामन्याच्या गोलपत्रकांत भेकेचें नांव आहे. बांगलादेशाच्या सामन्याच्या पत्रकांत कोणाचेंच नाहीं.