डोंगर आपला, तर राखणही आपली

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत कळसूबाईच्या पायथ्याच्या एका ग्रामसंघातल्या ताईंनी केलेलं भाषण. बोलणं होतं तसंच ठेवलं आहे.)



मला सांगितलं होतं, कर्जफेडीवर बोल. पण आमच्या गटाची फेड वेळेवर आहे, त्यात बोलायला फारसं काही नाही. म्हणून मी आज डोंगरावर बोलणार आहे.

आपला कळसूबाई १६४६ मीटर उंच. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. मुंबई-पुण्याची माणसं लांबून बघायला येतात. आपण नवरात्रात देवीला जातो आणि एरवी सरपणाला, गुरांमागं, हिरड्याला. डोंगर आपल्याला इतका रोजचा की त्याच्याकडं बघायचंच राहून जातं.

आता एक गोष्ट सांगते. ही मी आधी कुणाला सांगितली नव्हती. तीन वर्षांमागं, फाल्गुनात, मी राब भाजत होते. सकाळी पाणी, मग स्वयंपाक, मग पोरांचं आवरणं. राब पेटवायला दुपार झाली. वारा सुटला. एक पेटतं पान उडालं आणि बांधापलीकडच्या वाळल्या गवतात पडलं. मी फांदीनं झोडपलं, पण जाळ चढणीला लागला. चढावर जाळ माणसापेक्षा जोरात पळतो, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. रात्री सगळ्या गावानं वणवा बघितला. कुणी लावला, कुणी लावला, अशी चर्चा झाली. मी गप्प बसले. गटाच्या बैठकीत सही करायची आणि खाली मान घालून घरी यायचं, असं दोन महिने चाललं.

मग काजव्यांचे दिवस आले. तुम्हाला ठाऊक आहे, पावसाच्या आधी पाहुणे येतात, आपण जेवणं करतो, दोन पैसे मिळतात. त्या साली जळालेल्या अंगाची झाडं काळोखीच राहिली. पाहुणे दुसऱ्या गावाला गेले. आमच्या गटातल्या बायकांनी दळून ठेवलेलं नाचणीचं पीठ घरीच संपवलं. तेव्हा मला राहवेना. बैठकीत उभी राहिले आणि सांगून टाकलं, आग माझ्या हातनं लागली.

कुणी रागावलं नाही. आमच्या गटातली सगळ्यात म्हातारी आजी म्हणाली, "पोरी, माझ्याहातनं पण एकदा लागलीय." मग तिसरी बोलली. तेव्हा कळलं, वणवा नेहमी परका माणूस लावतो असं नाही.

त्यानंतर आम्ही शिकायला लागलो. काजव्याची अळी ओल्या मातीत, पाचोळ्याखाली राहते आणि गोगलगायी खाते. आयुष्याचा बराच काळ ती तिथंच असते. झाडावर लुकलुकणारा काजवा थोडेच आठवडे जगतो आणि ते लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला केलेली खूण. पाचोळा जळाला की अळी जळाली. आणि पाहुण्यांनी बॅटरीचा झोत मारला की ती खूण दिसत नाही. म्हणून आता आम्ही जेवण वाढायच्या आधी पाहुण्यांना सांगतो, बॅटरी बंद, झाडाखाली गवत तुडवायचं नाही. ऐकतात. आपण सांगत नव्हतो एवढंच.

दुसरं, पाण्याचं. एक हंडा पाणी जळालेल्या जागी ओता आणि एक हंडा न जळालेल्या गवतात. आम्ही करून बघितलं. जळालेल्या जागी पाणी काळं होऊन खाली पळालं, गवतात जिरलं. पहिल्या पावसात डोंगरावर हेच होतं. माती ओढ्यात जाते, आणि उन्हाळ्यात झऱ्यावर हंडा घेऊन रांगेत कोण उभं राहतं? आपणच.

माणसं म्हणतात, जाळलं की गवत चांगलं येतं. राखेवर कोवळी हिरवळ लवकर दिसते, हे खरं. पण त्याबरोबर जमिनीवरची पाखरांची अंडी, हिरड्याची, करवंदीची, जांभळाची रोपं जातात. पुढच्या पिढीनं बाळहिरडा कुठनं गोळा करायचा?

आता आम्ही काय करतो ते सांगते, म्हणजे तुम्हालाही करता येईल.

राब भाजायचा तो पहाटे, वारा पडलेला असताना. आधी चारी बाजूंनी गवत काढून पट्टा मोकळा करायचा. शेजारणीला सांगायचं, पाण्याचा हंडा जवळ ठेवायचा आणि पूर्ण विझल्याशिवाय जागा सोडायची नाही.

पौषात, गवत वाळल्यावर, वाटेच्या कडेनं जाळरेषा काढायची. आपला बराचसा डोंगर १९८६ पासून अभयारण्यात आहे, म्हणून आधी वनरक्षकांशी बोलायचं. कापलेलं गवत तिथं जाळायचं नाही, गुरांना घरी आणायचं.

वणवा लागलाच तर एकटीनं जायचं नाही. जाळाच्या वरच्या अंगाला कधीच उभं राहायचं नाही. नायलॉनची साडी नको, ती अंगाला चिकटते; सुती घाला. आणि निघण्याआधी वनखात्याला फोन.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलते. श्रमदान म्हटलं की बायका पुढं आणि फोटो म्हटलं की पुरुष पुढं, असं चालणार नाही. जाळरेषेला घरटी एक माणूस आलं पाहिजे, मग तो दादा असो की ताई. आमच्याकडं पहिल्या वर्षी नऊ बायकाच होत्या. दुसऱ्या वर्षी चार गडी आले. एक माझा नवरा. त्याला मी घरी सांगूनच ठेवलं होतं, भाकरी डोंगरावरच मिळेल.

ग्रामसभेतही बोला. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि गावातल्या झाडापाल्याची, जीवजंतूंची नोंदवही तयार व्हायला हवी. वहीत लिहायला माहिती कुणाकडं आहे? कोणती भाजी कधी उगवते, कोणता कंद कुठं सापडतो, हे आपल्या आज्यांना पाठ आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानंही जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. ग्रामसेवकांना विचारा, समिती आहे का, तिच्यात बायका कोण, वही कुठं आहे. विचारायला पैसे लागत नाहीत.

माझी एकच मागणी. घरी गेल्यावर पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं इतिवृत्तात एक ओळ लिहावी: यंदा जाळरेषेला आमच्या किती जणी, कोणत्या दिवशी जाणार. बचत लिहितो तशी तारखेसह लिहा. लिहिलं की आपण करतो, हे गटानंच आपल्याला शिकवलं.

त्या जळालेल्या अंगावर गेल्या जेठात आम्ही रात्री बघायला गेलो. सगळी झाडं नाही, पण एक सादडा लुकलुकत होता. आजी खाली बसून बराच वेळ बघत राहिली. मी पण.