व्यायामाच्या ॲपचे पैसे विम्यातून मिळतात का?

मोबाइलवर ॲप लावून घरीच योगासनं करणारे आता सोलापुरातही गल्लोगल्ली आहेत. त्या ॲपची वर्गणी आरोग्य विम्यातून परत मिळेल का? पावती जोडून दावा केला, तर सहसा नाही. विम्याची भरपाई असते ती मुख्यतः उपचारांच्या खर्चाची.

पण वाट अगदीच बंद नाही. विमा नियामक आयआरडीएआयने २०२० मध्ये कंपन्यांना मुभा दिली, की तब्येत जपणाऱ्या ग्राहकाला बक्षीस-गुण, नूतनीकरणाच्या हप्त्यात सवलत किंवा जिम, योगवर्गाची कूपनं देता येतील. काही पॉलिसींत रोजची १०,००० पावलं धरली जातात. ती सोलापूरच्या कंबर तलावाकाठी टाकलीत तरी चालतं, वर्गणी भरायलाच नको! मात्र मोजणी कंपनीच्या ॲपला जोडलेली हवी.

एजंटाच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. ग्राहक माहिती पत्रक मागून घ्या, त्यात ‘वेलनेस’ हा मुद्दा आहे का ते बघा. नवी पॉलिसी पटली नाही, तर ३० दिवसांत परत करता येते.

आरोग्य विम्यासाठीच्या आयकर वजावटीतही व्यायामाची वर्गणी बसत नाही. जुन्या करपद्धतीत प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत मात्र बसतात, रोख भरले असले तरी.

विमा कंपनीने कबूल केलेली सवलत नाकारली, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात दाद लागली नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही.