जोडीला मानवशास्त्र घ्या



बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच चर्चा असते, पुढं काय? नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीला मेजर आणि मायनर अशी विभागणी आणली आहे. मेजरवर घरात खूप खल होतो. मायनर मात्र मित्रानं घेतला म्हणून, नाहीतर तासाची वेळ सोयीची म्हणून घेतला जातो. त्या दुर्लक्षित जागेसाठी मी आज मानवशास्त्राची, म्हणजे अँथ्रॉपॉलॉजीची, शिफारस करणार आहे.

आपल्याकडं हा विषय ठाऊक असतो तो बहुधा यूपीएससीमुळं. 500 गुणांचा वैकल्पिक विषय, अभ्यासक्रम आटोपशीर, नोट्स तयार. परीक्षेसाठी घ्यायला माझी हरकत नाही. पण माणसांकडं न जाता माणसांचं शास्त्र पाठ करणं म्हणजे विहिरीत न उतरता पोहायला शिकणं.

हा विषय जोडीला घेऊन काय साधतं, याचं उत्तम उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. कोलंबिया विद्यापीठात 1915 साली ते एम.ए. झाले, तेव्हा त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. सोबतच्या विषयांत मानवशास्त्र होतं. पुढच्या वर्षी, 9 मे 1916 रोजी, प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय 25. त्या काळचे मोठमोठे पंडित जातीचं मूळ कुणी वंशात, कुणी धंद्यात शोधत होते. बाबासाहेबांनी बोट ठेवलं ते लग्नावर. जातीबाहेर लग्न करायचं नाही, हाच जातीचा गाभा. एकदा हे कुंपण घातलं की जातीतल्या जातीतच जोड्या जुळवाव्या लागतात; मग जोडीदार गेलेल्या बाईचं काय करायचं, पुरुषाचं काय करायचं, असे प्रश्न येतात. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही त्यांवर समाजानं काढलेली क्रूर उत्तरं. धर्म म्हणून ज्याला हात लावायचा नाही, त्याच्यामागचा हिशेब त्यांनी मांडून दाखवला.

हीच नजर घेऊन आता आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याकडं या. शेंद्रा म्हटलं की एमआयडीसी आठवते. स्कोडाचा कारखाना इथं 2001 साली सुरू झाला. पुढं शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे 10,000 एकरांवर ऑरिक ही औद्योगिक नगरी आली. आणि याच शेंद्रा कमंगरला चैत्रात मांगीरबाबाची यात्रा भरते. नवसाचे बोकड येतात. अंगात गळ टोचून नवस फेडण्याची प्रथा या यात्रेचीच. मी त्या प्रथेचा समर्थक नाही. अघोरी प्रथांविरुद्ध 2013 मध्ये झालेला कायदा हवाच होता. पण गळ टोचून घेणारा नवस कशासाठी बोलला होता? मूल, दुखणं, कर्ज? कायदा हे विचारत नाही. मानवशास्त्राचा विद्यार्थी आधी तेच विचारतो.

माझ्या मते याहून मोठा विषय जमिनीचा आहे. भूसंपादनाचा मोबदला आला, एकराचा भाव चढला आणि बहिणीकडून हक्कसोड लिहून घेण्याची घाई झाली, असं गावोगाव ऐकू येतं. मग राखीला ये-जा राहिली का? माहेरचं लुगडं बंद झालं का? सातबाऱ्यावर हे सापडणार नाही. मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्व्यांनी 1953 मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, आणि शेवटच्या वर्षांत लेक जाई निंबकरांबरोबर कोयना धरणानं उठवलेल्या माणसांची पाहणी केली. नातं आणि जमीन हे दोन्ही धागे शेंद्र्यात एकाच ओसरीवर भेटतात. कॉमर्सच्या मुलानं मोबदल्याचा हिशेब मांडावा आणि जोडीला नात्यांचाही मांडावा, असं काम इथं पडून आहे.

नोकरीचं काय, हा प्रश्न रास्तच आहे. एकट्या या विषयावर जागा थोड्याच निघतात, म्हणून तर जोडीला घ्या म्हणतो. पुढं शिकायचं तर पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणाचं केंद्र नागपुरात आहे. तुमच्या महाविद्यालयात हा विषय नसेल तर समाजशास्त्र घ्या, आणि प्राचार्यांकडं मानवशास्त्राची लेखी मागणी करा. विद्यार्थ्यांनी मागितल्याशिवाय नवा विषय सुरू होत नाही.