आधी टाकी, मग सुई

 अध्यक्षीय भाषणासाठी मला ‘मराठवाड्यातील लघुप्राणी चिकित्सा : एक आढावा’ हा विषय दिला आहे. आढावा लेखी दिलाय, स्मरणिकेत वाचा. मी कासवावर बोलणार. हसा. पंधरा वर्षं थांबलोय.

लाल कानाचं कासव आता आपल्या गल्लीबोळात आहे. मूळचं मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. दुकानातून येतं तेव्हा नाण्याएवढं. (चांदणी कासव कुणी आणलं, तर आधी वनखात्याला फोन. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते घरात ठेवताच येत नाही.) लाल कानाच्या कासवाच्या नाकातून फुगे आले, ते तोंड उघडून श्वास घेऊ लागलं, की आपण सुईत एन्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक भरतो. काल इथे दीड तास वाद झाला : सुई पुढच्या पायात की मागच्या, की नुसती वाफ द्यावी? टाकीचं पाणी किती अंश होतं, हे एकानेही विचारलं नाही!

२०१६चा एप्रिल. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. एक शिक्षिका घमेल्यात कासव घेऊन आल्या. एका अंगाला कललेलं. जड झालेलं फुप्फुस खाली, चांगलं वर. मी सुई दिली. तीन दिवसांनी पुन्हा. फरक शून्य. शेवटी त्यांच्या घरी गेलो. काचेची टाकी कुलरच्या थेट तोंडाशी. बाहेर चाळिशी आणि टाकीत माझा थर्मामीटर २२ दाखवतोय! बसायला कोरडी जागा नाही. पाणी आठवडाभर तेच. माणसांना मिळेना, तिथे कासवाचं कोण बदलणार? खायला रोज वाळकी कोळंबी, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाचाही दुष्काळ.

टाकी कुलरपासून हलवली. थेट उन्हात नाही, काचेची शेगडी होते. पाण्याबाहेर डोकावणाऱ्या दोन विटा, वर पिवळा बल्ब. विटेवर ३२ अंश, पाणी २६. वापरायचं पाणी आधी टाकीत, मग तेच झाडांना. औषध तेच, डोस तोच. पंधरवड्यात कासव सरळ पोहायला लागलं. वाफवाल्यांनी आणि सुईवाल्यांनी आपापसात ठरवावं, जिंकलं कोण.

यात माझी हुशारी काही नाही. संशोधक क्लुगर आणि सहकाऱ्यांनी १९७५मध्येच दाखवलं होतं : जंतू टोचलेले वाळवंटी इग्वाना उबेत ठेवले तर बहुतेक जगतात, गारव्यात ठेवले तर मरतात. आपल्याला ताप आतून चढतो, सरड्याला तो उन्हात जाऊन आणावा लागतो. कासवाचंही तसंच, आणि आपण त्याला काचेत कोंडून ऊनच काढून घेतो. वर त्याला धड खोकताही येत नाही, आपल्यासारखं श्वासपटल नाही ना. पू साचतो तोही पनीरसारखा घट्ट. तिथे तुमची सुई एकटी काय करणार?

मागे बसलेल्या सर्पमित्रांनो, तुम्हालाही सांगतो. जानेवारीत खाटेखाली बरणीत ठेवलेली धामण शिट्टीसारखा श्वास घेते, तो तिचा राग नसतो, आजार असतो. साप पकडला की वनखात्याला कळवा, लगेच सोडा.

करायचं काय? केसपेपरवर टाकीचा एक रकाना छापून घेऊ. दुकानदारांची बैठक, बघू, दिवाळीनंतर. मराठीत एकपानी पत्रक मी लिहितो म्हणालो होतो, ते राहिलंच आहे.

त्या घमेल्यातल्या कासवाआधी माझ्याकडे सात आली होती. सातही गेली. काल रात्री जुनी वही काढून पाहिली. प्रत्येकापुढे मिलिलिटर लिहिलेत. अंश एकाहीपुढे नाहीत.