जुनी सायकल घेताना: काट्यावरचा भाव आणि कामाचा भाव

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, सायकलीचं काय बोलायचं, ती तर पुरुषांची खरेदी. पण आमच्या गटांत गेल्या दोन वर्षांत जुन्या सायकलीसाठी बरीच अंतर्गत कर्जं गेली. पनवेल आणि उरणच्या गावांतून नेरूळ-बेलापूरला कामाला जाणाऱ्या बायांना रिक्षाचं भाडं परवडत नाही आणि मुलीला शाळेची एसटी वेळेवर मिळत नाही. त्यामुळे सायकल हवीच. प्रश्न असतो तो भावाचा.

आधी आमची चूक सांगतो. आमच्या एका मैत्रिणीने गटातून 2,200 रुपये कर्ज काढून जुनी सायकल घेतली. नवा लाल रंग, चकचकीत घंटी, नवी सीट. आम्ही सगळ्या बघायला गेलो, रंगाला भुललो आणि ठराव लिहून टाकला. तिसऱ्या आठवड्यात मागच्या चाकाजवळची नळी तुटली. आधीची भेग रंगाखाली झाकलेली होती. विकणारा म्हणाला, घेताना बघायचं होतं. सायकल भंगारात गेली, कर्जाचे हप्ते मात्र ती पुढे दहा महिने भरत राहिली. पैसे गटाचे होते, ठराव आमचा होता, आणि भुर्दंड एकटीने सोसला. ते आम्हाला लागलं.

आता दुसरी गोष्ट. नेरूळच्या एका सोसायटीत पार्किंग मोकळं करायची नोटीस लागली. आमची एक सदस्य तिथे घरकाम करते. घरच्या दादांनी तिला सांगितलं, "कोपऱ्यातली जुनी सायकल घेऊन जा, नाहीतर भंगारवाला नेईल." खाली वाकलेल्या हँडलची, बारीक टायरची ती जुनी रेसिंग सायकल होती. आमच्या मोठ्या बायांनी तशा सायकली लहानपणी पाहिल्या होत्या. मुंबई-पुणे शर्यतीचे स्वार पनवेलवरून खोपोलीकडे आणि पुढे बोरघाटात जायचे, तेव्हा रस्त्याच्या कडेला गर्दी व्हायची. भंगारवाल्याने काटा लावला: 13 किलो, 25 रुपये दराने 325 रुपये. ती देणारच होती, पण लाल सायकलीचा अनुभव आठवला आणि बैठकीत विचारायला आली.

आम्ही ती सायकल पनवेलच्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी जे दाखवलं ते वहीत लिहून घ्या.

पहिलं, लोहचुंबक लावा. चिकटला तर पोलाद. पोलादाची नळी वाकली किंवा तडकली तर कधी कधी जोडता येते, ॲल्युमिनियमची जोडणं फार अवघड.

दुसरं, पुढच्या चिमट्याजवळच्या नळ्यांवर खालून बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा नळीला फुगवटा लागला तर सायकल समोरून कुठेतरी आदळलेली आहे. चिमटा बाजूने बघा, मागे दबलेला नको. नळ्यांचे सगळे सांधे उजेडात बघा. भेग बहुधा तिथेच येते.

तिसरं, गंज. आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि चार महिने पाऊस. पाणी नळीतून उतरून पायडलच्या खालच्या डब्यात साठतं आणि पोलाद आतून खातं. सीटची दांडी बाहेर काढून बघा. निघतच नसेल तर ती आत गंजून धरलेली आहे, आणि ते काम खर्चाचं आहे. वरवरचा गंज पुसला जातो, त्याला घाबरू नका.

चौथं, चाक उचलून फिरवा. डुलत असेल तर चाक आउट आहे. आरे घट्ट करून ते बहुधा सरळ होतं, पण रिमच दबलेली असेल तर नवी लागेल. पायडलचा दांडा धरून आडवा हलवा. खडखडला तर कॉटर पिन किंवा छर्रे गेले.

पाचवं, चेन मोजा. चेनच्या एका पिनेपासून मोजत बारा पूर्ण कड्या बरोबर 12 इंचात बसायला हव्यात. पाव इंचाचा चौथा भाग जास्त भरला तर चेन बदला. त्याच्या दुप्पट वाढली असेल तर दातेही झिजलेले असतात.

सहावं, टायरच्या अंगावरचा आकडा वाचा. जुन्या रेसिंग सायकलींना 27 इंची चाक असायचं, त्याचा आकडा 630. आता 622 चं चाक चालतं. दिसायला सारखीच, पण 8 मिलिमीटरचा फरक आहे, एकाचं टायर दुसऱ्याला बसत नाही. टायर मिळेल की नाही हे दुकानात विचारूनच भाव बोला.

आमच्या सायकलीच्या कपाळावर बगळ्याचा बिल्ला होता, रॅले कंपनीचा. आम्ही खूश झालो. काका म्हणाले, "बिल्ला बघून भाव करायचा नाही. रॅले इंग्लंडात नॉटिंगहॅमलाही बनायची आणि आपल्याकडे आसनसोललाही. बिल्ला तर कुणीही दुसऱ्या सायकलीला लावेल." त्यांनी सीटखालच्या नळीवर 531 असा आकडा शोधला. इंग्लंडच्या रेनॉल्ड्स कंपनीचं हे पोलाद 1935 पासून नावाजलेलं, कारण नळी मजबूत राहूनही वजनाला हलकी होते. तो आकडा असता तर शौकिनाने जास्त दिले असते. आमच्या सायकलीवर नव्हता. पण सांगाडा सरळ होता, भेग नव्हती.

मग त्यांनी भाव काढून दाखवला. चांगली चालती केली तर आपल्याकडे 7,000 ला जाईल. टायर-ट्यूब, तारा, ब्रेकचे रबर, चेन आणि मजुरी मिळून 2,600. वजा केले की उरले 4,400. आहे त्या स्थितीत हाच तिचा भाव. विकणारीने आणि घेणारीनेही हीच वजाबाकी करायची.

इथे बैठकीत वाद झाला. काही जणी म्हणाल्या, मिळालंय तर गप्प विकून टाक, परत सांगायला गेलीस तर मागून घेतील. दुसऱ्या म्हणाल्या, उद्या कुणी चोरीचा आळ घेतला तर? घरकाम करणाऱ्या बाईकडे बोट दाखवायला वेळ लागत नाही. शेवटी ती गेली आणि सगळा आकडा सांगितला. दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दिली ती दिली," आणि दोन ओळींची चिठ्ठी लिहून दिली. त्यात सायकलीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबरही घातला. आमची एक मैत्रीण अजून विचारते, परत घेतली असती तर? आम्ही म्हणतो, 4,400 गेले असते, काम आणि नाव राहिलं असतं.

वाशीच्या एका सायकलवेड्या मुलाने ती 4,500 ला नेली. तिनेच का ठेवली नाही, असं तुम्ही विचाराल. त्या सायकलीला ना कॅरियर, ना मडगार्ड. आपल्याला डबा, भाजी, मूल घेऊन जायचं असतं. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टईत 1990 नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो बाया सायकल शिकल्या. तिथे कित्येकींनी पुरुषांची दांड्याची सायकल पसंत केली, कारण दांड्यावर मूल बसवता येतं. ज्याचा त्याचा उपयोग वेगळा, म्हणून भावही वेगळा. आमच्या मैत्रिणीने 1,800 ची साधी जुनी लेडीज सायकल घेतली, 450 दुरुस्तीला लागले. सायकलीच्या रिमा पोलादी असल्याने पावसात ब्रेक उशिरा लागतो, हे मुलीला आधीच शिकवलं.

आता आमच्या गटाचा ठराव असा आहे. जुन्या सायकलीला कर्ज देण्याआधी दोन सदस्यांनी मिस्त्रीसोबत ती उजेडात बघायची. दुरुस्तीचा खर्च आधी लिहायचा, मग भाव बोलायचा. सांगाड्याच्या नंबरासह विकणाऱ्याच्या सहीची पावती घ्यायची. पावती देत नसेल तर कितीही स्वस्त असली तरी सोडायची. आणि गटाने पाहून मंजूर केलेली सायकल महिन्याच्या आत मोडली, तर अर्धा तोटा गटाने सोसायचा.

हा शेवटचा नियम लाल सायकलीमुळे आला. त्या मैत्रिणीचे अर्धे पैसेही गटाने मागच्या महिन्यात परत केले. उशीर झाला, पण केले.

तुमच्या घराच्या मागे जुनी सायकल पडून असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा लोहचुंबक घेऊन तिच्याजवळ बसा.