झागोरी : डोंगरापलीकडचा मुलूख

ग्रीस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अथेन्सची भग्न देवालये आणि निळ्या सागरातील पांढऱ्या घरांची बेटे उभी राहतात. सुट्टीसाठी जाणारा प्रवासी बहुधा तेथेच रेंगाळतो. परंतु या देशाच्या वायव्य कोपऱ्यात, पिंडस पर्वताच्या कुशीत झागोरी नावाचा एक मुलूख आहे. हा शब्द मूळचा स्लाव भाषेतील. त्याचा अर्थ ‘डोंगरापलीकडचा’. योआनिना शहराच्या उत्तरेस ही ४६ गावे विखुरलेली आहेत.

येथे दगडाचेच राज्य आहे. भिंती दगडाच्या, छपरे दगडी पाट्यांची, वाटाही दगडी फरसाच्या. गावाच्या मध्यभागी चौक, चौकात एखादा जुना चिनार आणि जवळच चर्च, अशी साधारण मांडणी. पायथ्याशी व्हिकोसची प्रचंड घळ, काही ठिकाणी सुमारे ९०० मीटर खोल. तिच्या तोंडाशी व्होइडोमाटिस नदीचे झरे उगम पावतात. पाणी इतके नितळ आणि गार, की त्यात पाय क्षणभरही ठेववत नाही!

परंतु निसर्गापेक्षाही मनात घर करतात ते येथील कमानदार पूल. किपी गावाजवळचा एका कमानीचा पूल १७५० साली व्राडेटो गावच्या नूत्सोस नावाच्या गृहस्थाने स्वखर्चाने बांधविला. जवळच तीन कमानींचा दुसरा पूल आहे. तो १८१४ साली एका मठाधिपतीच्या पैशाने उभा राहिला. ज्याने पैसा दिला त्याचे नाव पुलाला, अशी येथील रीत. हा पैसा आला कोठून? डोंगरातील तुटपुंज्या शेतीवर पोट भरेना, म्हणून येथील पुरुष इस्तंबूल, रुमानिया, ओडेसापर्यंत व्यापारासाठी जात. तुर्की अमलात या गावांना करांच्या मोबदल्यात कारभाराचे स्वातंत्र्य मिळाले होते. त्या स्वातंत्र्याच्या छायेत, परदेशी मिळविलेल्या धनातून गावोगाव शाळा, पाणवठे आणि पूल झाले. एके काळी मुंबईच्या मनिऑर्डरीवर घर चालविलेल्या कोकणी माणसाला हे निराळे सांगावयास नको.

दुसरीही एक गोष्ट आपल्या परिचयाची वाटेल. गावाच्या वरच्या उतारावरील राने त्यांनी देवाच्या नावे राखली. तेथे कुऱ्हाड चालविणाऱ्यास धर्मबहिष्काराचे भय असे. श्रद्धा देवाची, परंतु दरडी आणि पूर यांपासून रक्षण गावाचे! आपल्या देवराया याहून कितीशा वेगळ्या आहेत?

विसाव्या शतकाने मात्र या मुलखाला निष्ठुर वागविले. १९४० च्या इटालियन आक्रमणात पिंडसच्या स्त्रियांनी पाठीवरून दारूगोळा वाहिला. पुढे जर्मन फौजांनी कित्येक गावे जाळली. त्यावर १९४६ ते १९४९ चे यादवी युद्ध. तरुण शहरांकडे गेले, घरांना कुलपे लागली. १९७३ साली व्हिकोस–आओस राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०२३ साली युनेस्कोने या सांस्कृतिक भूदृश्याला जागतिक वारशाचा मान दिला. जुने वाडे आता पांथस्थांसाठी उघडले आहेत.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. गावाचे सौंदर्य ज्यांनी निर्माण केले ते गाव सोडून गेलेले होते. पण त्यांचे मन गावात होते. आजचा प्रवासी पैसा आणतो, मन मात्र आणतोच असे नाही. एका दुपारी चार पुलांची छायाचित्रे घेऊन परतणाऱ्याने गाव जगत नाही. फार झाले तर ते पाहण्याची वस्तू बनते. प्रशासनात काम करणाऱ्या माझ्यासारख्याला वाटते, की वारशाची पाटी लावणे सोपे. त्या पाटीमागे चूल पेटती ठेवणे अवघड.

म्हणून जाणाऱ्याने उन्हाळ्याची गर्दी टाळून वसंतात वा शरदात जावे. एकाच गावी चार दिवस मुक्काम करावा. कापेसोव्होहून व्राडेटोला चढणारी नागमोडी दगडी वाट पायी चढावी. मोटाररस्ता होण्यापूर्वी व्राडेटोच्या लोकांचे येणेजाणे याच वाटेने होई. गावच्या खानावळीत पातळ पिठाची, चीज घातलेली खरपूस ‘पिटा’ खावी आणि वृद्धांशी खुणांनी का होईना, बोलावे. सुट्टी म्हणजे केवळ कामापासून सुटका नव्हे. दुसऱ्याच्या गावी काही दिवस शहाण्या पाहुण्यासारखे राहावयास शिकणे, हाही तिचा एक अर्थ आहे.